कारभारी कोण?

रंगुमावशी माझ्या दुकानात आली ती भांडायलाच. चप्पल बाहेर काढायचंही तिला भान नव्हतं. बाकड्यावर चार गिऱ्हाइकं बसलेली, एकाचा पीक विम्याचा फॉर्म अर्ध्यावर आलेला, आणि हिने हातातला कागद थेट माझ्या कीबोर्डवर आपटला.

"फैयाज्या, तूच लिवलंय. आता तूच खोड."

मी गावात ऑनलाइनचं दुकान चालवतो. दाखले, फॉर्म, झेरॉक्स, फोटो. लोक माझ्यावर चिडतात याची मला सवय आहे. सर्व्हर मुंबईत बंद पडतो आणि शिव्या मी खातो. पण रंगुमावशीचं चिडणं वेगळं. ती चिडली की समोरच्याची चूक असतेच, हा आजवरचा अनुभव. म्हणून मी आधी कागद वाचला.

तिच्या मुलीचा, ज्ञानेश्वरीचा, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता. ज्ञानेश्वरीला नगरच्या एका कॉलेजात नर्सिंगला जागा मिळाली होती, फी माफीच्या भरवशावर. अर्ज मीच भरला होता, याच खुर्चीत बसून. परत येण्याचं कारण एका ओळीत दिलं होतं: 'पालक व विद्यार्थी यांचे नाते सिद्ध होत नाही.' खाली तारीख. आठ दिवसांत त्रुटी दूर करा. कॉलेजनेही मुलीला स्वच्छ सांगून टाकलं होतं, अर्ज मंजूर नसेल तर सगळी फी भरा, नाहीतर जागा सोडा, यादीत पुढची मुलगी उभीच आहे.

"नातं सिद्ध व्हत न्हाई म्हनं," मावशी म्हणाली. "नऊ म्हैने पोटात म्या वागिवली का ह्यांनी?"

मी मुलीचं नाव पाहिलं: ज्ञानेश्वरी छगन वाळुंज. मग आईचं आधार कार्ड पाहिलं, जे मी पंधरा दिवसांपूर्वी स्वतः स्कॅन केलं होतं आणि डोळे उघडे असून वाचलं नव्हतं. त्यावर छापलं होतं: रंगुबाई कारभारी वाळुंज.

आता ज्याला आमच्याकडचं ठाऊक नाही त्याला यात काय बिघडलं ते कळणार नाही. आमच्या नगर जिल्ह्यात कारभारी नावाची माणसं गावोगाव सापडतात. शाळेच्या पटावर, सोसायटीच्या यादीत, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे कारभारी. पण खेड्यातली बाई नवऱ्यालाही कारभारीच म्हणते. 'आमचं कारभारी शेतावर गेल्यात.' नवऱ्याचं नाव ती तोंडाने घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं असतं, आणि आईला तिच्या आईने. मावशीच्या नवऱ्याचं नाव छगन. कारभारी तो फक्त तिचा.

"म्या म्हनलं हुतं आमचं कारभारी," मावशी बाकड्यावरच्या लोकांना सांगू लागली. "शाळंत आधारचा क्याम्प लागला हुता. ह्यो बसला हुता मशीन घिऊन, मिसरूड न्हवतं फुटलं. इचारलं, नवऱ्याचं नाव? म्या म्हनलं, आमचं कारभारी त्ये काय दारात हुबं हायेत, त्यांनाच इचार. ह्यानं मुंडी वर केली न्हाई. कारभारी म्हनून ठोकून दिलं."

"मावशी, तेरा वर्षं झाली. दिवसाला ऐंशी-नव्वद माणसं असायची."

"आन् ज्ञानू माझ्या कडंवर हुती. पाच वर्साची. ती म्हनत हुती, आईऽ बाबाचं नाव छगन हाय. तर ह्यो काय म्हनला? पोरीला गप करा, फोटो हालतोय."

बाकड्यावरचे चौघे हसले. मला हसू आलं नाही. खरं सांगतो, मला त्यातलं काहीही आठवत नाही. ना ती, ना कडेवरची पोर, ना दारातला छगन. एकोणीस वर्षांचा होतो, नगाच्या हिशेबाने पैसे मिळायचे, बोटं ठेवा, डोळे उघडा, पुढचा. पण माझी अम्मी, रोशनबी, जन्मभर अब्बांना 'फैयाज के अब्बा' म्हणत आली. पीरमहंमद हे नाव तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. म्हणजे ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. अम्मीच्या आधार कार्डावर अब्बांचं नाव बरोबर आहे, कारण ते टाइप करताना मी तिला विचारलंच नव्हतं. गावातल्या बायकांना मात्र विचारत गेलो आणि ऐकलं ते बडवत गेलो. त्या दुपारी मला पहिला राग आला तो स्वतःचा.

रंगुमावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. माहेर देवळाली प्रवरेचं, सातवी शिकलेली, बाई मोठी तोंडाळ. एकदा तांदळाच्या पोत्यात सोंडे निघाले, तर तिने ते पोतं ओढत नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर पालथं केलं. गुरुजी म्हणाले, अहो निवडून घ्या. ती म्हणाली, तुमच्या डब्यासाठी घरी घिऊन जा, आन् मंडळी निवडत्यात का बघा. दुसऱ्या दिवशी नवं पोतं आलं. कोणतं पोर सकाळी उपाशी आलंय हे तिला ताट पुढे येण्याआधी कळतं, आणि त्याला पळीभर जास्त वाढताना ती त्यालाच दोन शिव्या घालते, म्हणजे बाकीच्यांना वाटावं की पोराला ओरडा बसला. तिचं मानधन चार-चार महिने येत नाही. त्यासाठी ती पंचायत समितीत जाऊन भांडते, आणि आल्यावर चुलीपुढे बसते.

छगनभाऊ ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. ऊस वाहायचे. अबोल माणूस. आधार कार्ड आलं तेव्हा त्यावर आपल्या नावाऐवजी 'कारभारी' बघून त्यांना केवढी गंमत वाटली. पारावर सांगत फिरले, 'सरकारनंच आपल्याला कारभारी केलं, आता हिला ऐकावं लागंल.' ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने 'कारभारी' लिहून घेतलं. दुरुस्तीचं नाव कुणी काढलंच नाही. त्या कार्डावर बँकेचं खातं निघालं, त्या खात्यावर मानधन यायला लागलं, पॅन कार्ड निघालं, मतदार यादीत नाव गेलं. मी केलेली एक चूक अशी कागदाकागदाला पसरत गेली. छगनभाऊ होते तोवर काही अडलं नाही, कारण उत्पन्नाचा दाखला त्यांच्या नावाने निघायचा. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन ते ट्रॅक्टरवरच गेले. मग दाखला मावशीच्या नावाने निघाला, आणि पोरीच्या बापाचं नाव छगन आणि आईच्या नवऱ्याचं नाव कारभारी, असं कॉम्प्युटरला दिसलं.

कॉम्प्युटरला अक्कल नसते हे मी समजू शकतो. माणसांना असते, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशी मी मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड जोडून अर्ज पुन्हा पाठवला. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख छगन, पत्नी रंगुबाई, मुलगी ज्ञानेश्वरी, सगळं एकाखाली एक. आंधळ्यालाही कळावं. दोन दिवसांनी उत्तर: 'आधार व रेशनकार्डवरील नावात तफावत.' अरे, तफावत आहे म्हणूनच तर जोडलंय!

मग आधार दुरुस्त करायला गेलो. तिथे सांगितलं, नवऱ्याचं नाव बदलायला पुरावा आणा. पुरावा काय चालेल? बँक पासबुक, पॅन कार्ड, मतदार कार्ड. ते सगळे माझ्याच चुकीवर उभे. शेवटी एकाने रस्ता सांगितला. तालुक्याला जा, 'रंगुबाई कारभारी व रंगुबाई छगन ही एकाच व्यक्तीची नावे आहेत' असं प्रतिज्ञापत्र साहेबांसमोर करा, शिष्यवृत्तीलाही ते चालेल आणि आधारलाही. तीन दिवस संपले होते.

तालुक्याच्या कचेरीत मी, मावशी आणि ज्ञानेश्वरी असे तिघे गेलो. ज्ञानेश्वरी बापावर गेलेली, मोजकं बोलणारी. सगळ्या कागदांची तिने स्वतःच्या हाताने यादी करून फाइल लावली होती. खिडकीत एक कारकून होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी फाइल चाळली, आधार कार्ड उचललं आणि आख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "छगन तुमचे मिस्टर. ठीक. मग हा कारभारी कोण?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्ञानेश्वरीची मान खाली गेली. मी सांगायला तोंड उघडलं, पण मावशी माझ्या पुढे होती.

"तुमची बायकू तुमाला घरात काय म्हनती?"

"काय संबंध?"

"सांगा की. काय म्हनती?"

"अहो म्हणते," कारकून म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच वाटलं असेल, आपण का सांगितलं.

"मंग तिच्या आधारवर लिवा, नवऱ्याचं नाव अहो."

या वेळी रांग मोकळेपणाने हसली. मीही हसलो, आणि तिथेच चुकलो. कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फाइल बंद केली आणि आमच्याकडे सरकवली. साहेब दौऱ्यावर आहेत. उद्या या.

उद्या गेलो तर अर्जाचा नमुना जुना होता. परवा गेलो तर दोन साक्षीदार गावचेच हवेत. ते नेले तर साहेब मीटिंगला. मी त्या पाच दिवसांत जेवढा चिडलो तेवढा जन्मात चिडलो नसेन. माझ्या दुकानाला कुलूप, मावशीच्या शाळेत मुलं गुरुजींच्या हातची कच्ची खिचडी खाताहेत, आणि एक अठरा वर्षांची मुलगी रोज कॉलेजला फोन करून विचारते आहे की माझी जागा अजून आहे का.

चौथ्या दिवशी माझा तोल गेला. तिथे भिंतीवर नवीन पाटी लावली होती, जिल्हा अहिल्यानगर. मावशीच्या सगळ्या कागदांवर जिल्हा अहमदनगर. मी कारकुनांना म्हणालो, "साहेब, आख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं. दोन्ही नावांचे कागद तुम्ही रोज घेता. अहमदनगर आणि अहिल्यानगर एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र कधी मागितलं का कुणाला? मग एका बाईच्या नावातला एक शब्द का चालत नाही?"

"जिल्ह्याचं राजपत्र निघालंय," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या कारभाऱ्याचं निघालंय का?"

मी खिडकीच्या गजावर मूठ आपटली तेवढीच. हाताला लागलं.

घरी परत येताना एसटीत मी मावशीवरही चिडलो. म्हणालो, "तुला त्या दिवशी तोंड आवरता आलं असतं तर आज काम झालं असतं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला त्या दिवशी मुंडी वर करता आली असती तर आज कामच निघालं नसतं."

शेवटचा दिवस शुक्रवार. संध्याकाळी सहाला पोर्टल बंद होणार होतं. आम्ही सकाळी दहालाच खिडकीशी, दोन्ही साक्षीदारांसह. साहेब होते. कारकुनांनी सगळे कागद तपासले, तिकिटं लावली, कुठे काही निघत नाही म्हटल्यावर दुपारी साडेतीनला आम्हाला आत नेलं. साहेब तरुण होते, डोळे तांबारलेले, समोर फायलींचा ढीग. त्यांनी न बघताच विचारलं, "सगळं बरोबर आहे ना?"

"आहे सर," कारकून म्हणाले. "फक्त नावाचाच वाद आहे, तर अर्जदाराने शपथेवर पतीचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. उद्या तक्रार नको."

असा नियम आहे की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी तो नियमातून काढला की मनातून, हे मी शोधलं नाही, कारण शोधलं तर पुन्हा तिथे जाऊन भांडावं लागेल. साहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे. सांगा बाई, पतीचं नाव काय?"

मावशी गप्प.

"बाई, पतीचं नाव सांगा."

पोतं पालथं करणारी, पंचायत समिती डोक्यावर घेणारी, कारकुनाला रांगेत अहो करून टाकणारी ती बाई पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली. एकवीस वर्षांच्या संसारात आणि नंतरच्या तीन वर्षांत जे केलं नव्हतं, ते तिला परक्या पुरुषांसमोर करायला सांगत होते.

"मी सांगते ना सर," ज्ञानेश्वरी म्हणाली. "माझे वडील छगन—"

"तू नाही. अर्जदाराने."

मला पाच वर्षांची पोर आठवली. म्हणजे आठवली नाही, पण दिसली. तेव्हा मी तिला गप केलं होतं, आता हे करत होते. मी म्हणालो, "सर, मृत्यूचा दाखला तुमच्या हातात आहे. त्यावर नाव छापलंय. ही बाई विधवा आहे, तिला कशाला—"

"तुम्ही कोण?" साहेबांनी पहिल्यांदा वर बघितलं.

मी कोण, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. आणि तेवढ्यात मावशी बोलली.

आवाज चढवून नाही. डोक्यावरचा पदर नीट केला, हात जोडल्यासारखे पुढे धरले, लग्नघरात नवी नवरी उंबऱ्याशी उभी राहते तशी उभी राहिली, आणि ठणठणीत म्हणाली:

"कचेरीच्या पायऱ्या चढून झिजला पायातला जोडा,
छगनरावांचं नाव घेते, माझ्या लेकीची वाट सोडा!"

आमच्याकडे नवरी पहिल्यांदा घरात येते तेव्हा नणंदा दार अडवतात. उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. नाव घ्यायची तेवढीच वाट तिच्या रीतीत होती, आणि तीही तिच्यासाठी तीन वर्षांपूर्वी बंद झालेली. विधवा बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, उखाणा घ्यायला कोण सांगणार? मावशीने तो तिथे घेतला, फायलींच्या ढिगासमोर, शिव्या द्याव्यात तसा. तिचे डोळे कोरडे होते आणि रागाने मोठे झाले होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"लिहून घ्या," ते कारकुनांना हळूच म्हणाले.

कारकून कॉम्प्युटरवर बसले. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी हाकललं, मी हललो नाही. तेरा वर्षांपूर्वी माझ्या मागे असं कुणी उभं असतं तर बरं झालं असतं. ते एका बोटाने टाइप करत होते. मी एकेक अक्षर वाचत होतो. 'मी शपथेवर सांगते की माझ्या पतीचे नाव छगनराव…'

"राव काढा!" मी ओरडलो.

"बाईंनी छगनराव सांगितलं. मी ऐकलं तेच लिहिणार."

"अहो, उखाण्यात राव लावतातच! दाखल्यावर नुसतं छगन आहे. पुन्हा तफावत निघेल, पुन्हा अर्ज परत येईल! असंच ऐकून मी कारभारी लिहिलं होतं, कळतंय का तुम्हाला? मीच लिहिलं होतं ते!"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. बोलून गेलो ते गेलो. कारकुनांनी खांदे उडवले. त्यांनाही आता काम उरकायचं होतं, पण हट्ट सोडवेना. "तुमच्या सांगण्यावरून शपथपत्र बदलत नसतं. बाईंनी सांगावं. राव आहे की नाही?"

मावशीला कळलं त्यांना काय हवंय. रावाशिवाय, उखाण्याशिवाय, नुसतं उघडं नाव. शेतातल्या गड्याला हाक मारावी तसं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. घड्याळात चार वाजून गेले होते.

"छगन," ती म्हणाली.

एवढंच. कारकुनांनी तीन वेळा कळ दाबून राव पुसला.

सव्वापाचला कागद अपलोड केला. समोरच्या एका दुकानाच्या कॉम्प्युटरवरून, मालकाला उठवून स्वतः बसून. प्रत्येक अक्षर ज्ञानेश्वरीकडून मोठ्याने वाचून घेतलं. पावती निघाली. ती पावती घेऊन मुलगी कॉलेजला फोन लावायला रस्त्याच्या कडेला गेली, आणि मी व मावशी कचेरीच्या पायरीवर टेकलो. शिपाई कुलूप लावत होता.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"चुकलंच," ती म्हणाली. "पन तुझी चूक त्यास्नी लई आवडली हुती. मरस्तोवर कारभारी म्हनून मिरिवलं. म्हनून तुला येवढी वर्सं म्या काय बोलले न्हाई."

ती कुलूप लावणाऱ्या शिपायाकडे बघत राहिली.

"नाव घेतलं की आयुष कमी व्हतं, आई म्हनायची. म्या कदी घेतलं न्हाई. देवळात न्हाई, भांडनात न्हाई. तरी गेले. मंग म्या म्हनलं, आता तरी कशाला घ्यायचं? जे म्या राखलं, त्ये माझ्यापाशी ऱ्हाईल." तिने पायातली चप्पल काढून उलटी करून बघितली. टाच खरोखरच घासून गेली होती. "आन् त्या मुडद्यानं दोनदा घ्यायला लावलं. एकदा राव लावून, एकदा काढून."

मग तिने कारकुनाला अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. मी एकही अडवली नाही, दोन माझ्या पदरच्या घातल्या.

अर्ज मंजूर झाला. ज्ञानेश्वरी नगरला होस्टेलवर राहते. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. दर वर्षी तोच अर्ज नव्याने भरावा लागतो, आणि दर वर्षी मला घाम फुटतो. मी दुकानावर पाटी लावली आहे: 'आधारवर नवऱ्याच्या जागी कारभारी, मालक, धनी असे काही पडले असल्यास दुरुस्ती फुकट.' आतापर्यंत अकरा बायका आल्या. एकीच्या कार्डावर 'बाहेर गेलेत' असं नाव होतं. ते मीच लिहिलेलं की दुसऱ्या कुणी, मी विचारलं नाही. आता मी आधी मान वर करतो, आणि बाईला नाव विचारत नाही. शेजारणीला विचारतो.

मावशीचं नवीन आधार कार्ड दोन महिन्यांनी पोस्टाने आलं. रंगुबाई छगन वाळुंज. ती ते घेऊन दुकानात आली, या वेळी चप्पल बाहेर काढून. मी लॅमिनेशन करून दिलं आणि जुनं कार्ड कात्रीने कापायला घेतलं. जुनं ठेवू नये, घोटाळे होतात, असं मी सगळ्यांना सांगतो.

"हात तर लाव," मावशी म्हणाली.

मी कात्री खाली ठेवली. तिने नवीन कार्ड ज्ञानेश्वरीच्या फाइलमध्ये घातलं. जुनं कार्ड पदराच्या टोकाने पुसलं आणि कमरेच्या पिशवीत, घराच्या किल्लीजवळ ठेवलं.

"फार्मला त्ये छगन ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझं कारभारी मला दे."